पाच हॉर्सपॉवरच्या इंजिनाची वही

इंदुरात सांवेर रोडवरच्या माझ्या वर्कशॉपमध्ये डिझेल इंजिन आलं की मी आधी विचारतो, "किती तास चाललंय?" उत्तर जवळजवळ नेहमी महिन्यांत मिळतं. "ऑइल दिवाळीत बदललं होतं, काका." आता दिवाळीपासून ते इंजिन शेतात बटाट्याला पाणी देत रोज दहा तास चाललं, की बेकरीत लाइट गेल्यावर अर्धा तास, हे त्यातून काहीच कळत नाही. रोज दहा तास चालणारं इंजिन पंचवीस दिवसांत अडीचशे तास पार करतं. बेकरीवाल्याला तेवढे तास भरायला वर्षाच्या वर लागेल. दोघांनाही दिवाळी एकच.

म्हणून पहिलं काम पाना हातात घ्यायच्या आधीचं. शाळेतल्या मुलांची असते तशी एक वही आणा, तिला भोक पाडून सुतळी बांधा आणि इंजिनाजवळच्या खिळ्याला अडकवा. तारीख, किती तास चाललं, काय केलं, एवढंच लिहायचं. माझे वडील कापड गिरणीत फिटर होते. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी इंजिनं दुरुस्त करायला घेतली तेव्हा प्रत्येक गिऱ्हाइकाला ते अशी वही स्वतःच्या पैशाने देत. त्या वह्यांमधल्या काही इंजिनांची कामं अजून माझ्याकडे येतात. इंजिन उघडायच्या आधी मी वही उघडतो आणि निम्मा आजार तिथेच सापडतो.

खाली जे सांगतोय ते एका सिलिंडरच्या, तीन ते दहा हॉर्सपॉवरच्या इंजिनांबद्दल आहे. माळव्यात ती विहिरीवर असतात, थ्रेशरला असतात, जनरेटरला जोडलेली असतात. काही पाण्याच्या हौदाची, संथ चालणारी, मिनिटाला ६५० फेऱ्यांची लिस्टर या इंग्लिश कंपनीच्या नमुन्याची, राजकोटला बनणारी इंजिनं. काही मिनिटाला १५०० फेऱ्यांची. शंतनुराव किर्लोस्करांनी १९४६ साली पुण्यात ऑइल इंजिनचा कारखाना काढला, तेव्हापासून आपल्या लोकांना हे यंत्र घरच्यासारखं झालं आहे. घरचं झालं म्हणून त्याची भीती मोडली, आणि भीती मोडली की हातपाय मोडतात.

हँडल

डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. पिस्टन आतली हवा सोळा-सतरा पट दाबतो, ती पाचशे अंशांच्या वर तापते आणि त्यात नोझलमधून डिझेलचा फवारा पडला की तो आपोआप पेटतो. हे लक्षात ठेवलं तर हँडल उलटं का मारतं ते समजतं. डिझेल पिस्टन अगदी वर पोचायच्या थोडं आधी सुटतं. फ्लायव्हीलला पुरेसा वेग असेल तर पिस्टन त्या स्फोटावर मात करून वर जातो आणि इंजिन सरळ फिरतं. वेग कमी असेल तर स्फोट पिस्टनला मागे ढकलतो, आणि हँडल तुमच्या हातासकट उलटं फिरतं.

माझ्या डाव्या हाताचा अंगठा पूर्ण वाकत नाही. एकोणीस वर्षांचा होतो. थंडीची सकाळ होती, इंजिन गार होतं. मी मूठ करून हँडल धरलं, म्हणजे चार बोटं एका बाजूने आणि अंगठा दुसऱ्या बाजूने. चारच फेऱ्या दिल्या आणि डिकॉम्प्रेशनचा लिव्हर पाडला. हा लिव्हर उचलला की व्हॉल्व्ह उघडा राहतो, हवा दाबली जात नाही आणि इंजिन हाताने हलकं फिरतं. उलट्या झटक्याचा आवाजसुद्धा मला आठवत नाही. अंगठा मागे वळलेला दिसला तेवढं आठवतं.

हँडल धरताना अंगठा बाकीच्या चार बोटांच्याच बाजूला ठेवा. हात आकड्यासारखा लावायचा, मूठ करायची नाही. असं धरलं तर उलटा झटका हँडलला हातातून उडवून लावतो, हात मोडत नाही. डिकॉम्प्रेशनचा लिव्हर उचला, हँडल सावकाश सुरू करून वेग वाढवत न्या, फ्लायव्हील स्वतःच्या जोराने फिरतंय असं हाताला जाणवलं की मगच लिव्हर पाडा. इंजिन धरलं, म्हणजे सुरू झालं, की हँडलची खाच आपोआप सुटते. हँडल घट्ट धरून सरळ बाहेर ओढून घ्या, मध्येच हात सोडू नका. शाफ्टचं टोक आणि हँडलचं भोक पुसून त्याला ऑइलचं बोट लावायची सवय ठेवा. खाच झिजलेली असेल किंवा गंजलेली असेल तर हँडल सुटत नाही आणि फ्लायव्हीलबरोबर गरगर फिरू लागतं. तसं झालं तर पकडायला जाऊ नका. बाजूला व्हा, इतरांना बाजूला करा आणि लांबून डिझेलचा लिव्हर बंद करा. झिजलेलं हँडल वेल्डिंग मारून चालवणारे पुष्कळ आहेत. माझं म्हणणं, नवीन घ्या.

धोतराचा सोगा, ओढणी, पदर, मफलर, हातातला सैल दोरा, यांपैकी काहीही अंगावर लोंबत असेल तर पट्ट्याजवळ जायचं नाही. पट्ट्याला जाळी हवीच. थंडीत रात्री पाणी द्यायला जाणारी माणसं शाल पांघरून इंजिनावर वाकतात, ते बघून माझ्या पोटात गोळा येतो.

बंद खोली आणि विहीर

सायलेन्सरमधून निघणाऱ्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणसाला फक्त सुस्ती येते, डोकं जड होतं, आणि आपल्याला काय होतंय हे कळायच्या आत तो पडतो. जनरेटर दुकानाच्या मागच्या खोलीत, शटर अर्धं ओढून चालवू नका. दार उघडं आहे म्हणून भागत नाही, धुराचा पाइप बाहेर गेला पाहिजे आणि तोही कुणाच्या खिडकीखाली उघडणारा नको.

विहिरीचं तर वेगळंच. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की काही लोक इंजिन विहिरीतल्या कट्ट्यावर उतरवतात, कारण पंप फार खोलवरून पाणी ओढू शकत नाही. विहिरीत धूर बाहेर जायला वाटच नाही. इंजिन बंद पडलं म्हणून बघायला एक जण उतरतो आणि वर येत नाही, त्याला काढायला भाऊ उतरतो, तोही येत नाही. असल्या बातम्या दर उन्हाळ्यात वाचायला मिळतात. इंजिन वरच ठेवा. खोल पाण्यासाठी पाणबुडी मोटर घ्या, जनरेटरवर चालवा, काहीही करा. आणि विहिरीत कुणी बेशुद्ध पडलं तर दोर आणि मदत येईपर्यंत दुसऱ्याने उतरायचं नाही, हे घरातल्या पोरांना आजच सांगून ठेवा.

जनरेटर असेल तर आणखी एक. घरच्या लाइनला तो चेंजओव्हर स्विचमधूनच जोडा, म्हणजे एका वेळी खांबावरची वीज किंवा जनरेटर, एकच जोडलं जातं. दोन्ही बाजूंना पिन लावलेली वायर सॉकेटमध्ये खुपसून लाइट चालू केली, की तीच वीज उलटी खांबावर जाते. तिथे लाइन बंद आहे असं समजून वायरमन काम करत असतो.

हवा

लोक डिझेलच्या भेसळीची काळजी करतात, हवेची नाही. हिशोब मांडून बघा. पाच हॉर्सपॉवरचं, १५०० फेऱ्यांचं इंजिन पूर्ण लोडवर तासाला साधारण लिटरभर डिझेल खातं. त्याच तासात ते वीस हजार लिटरच्या वर हवा ओढतं. माळव्याची काळी माती सुकली की पिठासारखी होते, आणि गहू काढताना थ्रेशरच्या भुशात ती मिसळते. ती हवेबरोबर सिलिंडरमध्ये गेली की पिस्टनच्या रिंगा आणि लायनर, म्हणजे सिलिंडरचं आतलं अस्तर, पॉलिश पेपरने घासल्यासारखे झिजतात. वही लिहिणाऱ्यांची लायनर वर्षानुवर्षं टिकलेली मी पाहिली आहेत, आणि एअर क्लीनर काढून फेकलेल्या इंजिनाचं एका हंगामात संपलेलंही पाहिलं आहे. "त्याच्याने इंजिन दम घेतं" म्हणून काढला होता. दम घेत होतं, कारण तो क्लीनर कधी धुतलाच नव्हता.

बहुतेक जुन्या इंजिनांना ऑइलच्या वाटीचा क्लीनर असतो. खालची वाटी काढा, तळाशी चिखल बसलेला दिसेल. तो काढून वाटी आणि आतली जाळी डिझेलने धुवा, सुकू द्या, मग इंजिनातलंच ऑइल खुणेपर्यंत भरा. एरवी हे आठवड्याला करा, थ्रेशर चालू असेल तर रोज संध्याकाळी. कागदी फिल्टर असेल तर आतून बाहेर हलकी हवा मारा आणि वेळ झाली की बदला. तो धुवायचा नसतो.

खुणेपर्यंत असं म्हटलं ते मुद्दाम. बायपासवरच्या एका लॉनवर लग्न होतं. जनरेटरवाल्या नव्या मुलाने क्लीनरच्या वाटीत जास्त ऑइल असलं तर बरंच, असं समजून ती काठोकाठ भरली. इंजिन चालू झालं आणि हवेबरोबर ते ऑइलच आत ओढलं जाऊ लागलं. डिझेल इंजिनाला काय, ऑइलही जळतं. वेग वाढत गेला, आवाज किंचाळीसारखा झाला, निळ्या-पांढऱ्या धुराने मंडपाची कडा दिसेनाशी झाली. मुलगा डिझेलचा लिव्हर ओढत होता आणि काहीच होत नव्हतं, कारण इंजिन डिझेलवर चालतच नव्हतं. मी तिथे पाहुणा म्हणून गेलो होतो. केटररच्या टेबलावरची फळी उचलली, बाजूने गेलो आणि हवेच्या तोंडावर दाबून धरली. हवा तुटली, इंजिन बसलं.

पळालेलं इंजिन हवा तोडूनच थांबतं. तोंडावर बसेल अशी एक जाड, सपाट फळी इंजिनाजवळ कायम ठेवा. हाताचा तळवा लावू नका, तो आत ओढला जातो. पातळ कपडाही आत जातो. फ्लायव्हीलच्या रेषेत उभे राहू नका, बाजूने जा. आणि जवळ जाता येत नसेल तर माणसांना लांब न्या. इंजिन गेलं तर गेलं.

डिझेल, आणि एअर काढणं

इंजेक्शन पंपातला प्लंजर आणि त्याची नळी यांच्यात दोन-तीन मायक्रॉनची जागा असते. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड. म्हणजे डोळ्याला न दिसणारा कचराही तिथे रेघा पाडतो. डिझेल कॅनमध्ये एक दिवस स्थिर ठेवा, तळाचं दोन बोटं डिझेल ओतू नका, नरसाळ्यात जाळी आणि वर मलमलचं धुतलेलं फडकं ठेवा. टाकी संध्याकाळी भरून ठेवा. रिकाम्या टाकीत रात्रीच्या गारव्याने पाणी सुटतं आणि ते खाली साचतं. फिल्टरच्या खालचा स्क्रू आठवड्यातून एकदा सैल करून पाणी काढा. चालू इंजिनात डिझेल भरायचं नाही, सायलेन्सर शेजारीच तापलेला असतो.

टाकी पूर्ण संपली की पाइपात हवा जाते आणि मग कितीही हँडल मारलं तरी इंजिन धरत नाही. मेकॅनिक म्हणतात, एअर घेतली. यासाठी मला रात्री अकराला फोन येतात. एकदा सांवेरच्या पुढे लसणाच्या शेतात एका पोराला मी फोनवरच शिकवलं, तसंच इथे सांगतो.

टाकी भर, कॉक उघड. फिल्टरच्या डोक्यावरचा छोटा स्क्रू दोन आटे सैल कर. आधी फेस येईल, बुडबुडे येतील. थांब. बुडबुडे बंद होऊन सलग धार आली की स्क्रू आवळ. आता पंपावरचा स्क्रू, तसंच. मग नोझलकडे जाणाऱ्या जाड पाइपाचा नोझलच्या टोकाचा नट अर्धा फेरा सैल कर, लिव्हर उचललेला ठेव, डिझेल चालू स्थितीत ठेव आणि हँडल सावकाश फिरव. तिथून डिझेल बिनबुडबुड्याचं उसळू लागलं की नट आवळ. आता परत फिरव आणि कान दे. नोझलमधून 'कर्र, कर्र' असा आवाज यायला हवा, सुपारी कातरल्यासारखा.

"येतोय, काका," तो म्हणाला. मला फोनवरसुद्धा ऐकू आला. मग वेग घेतला, लिव्हर पाडला, इंजिन धरलं.

एक गोष्ट मात्र फोनवर आधी बजावली होती. नट सैल असताना किंवा नोझल बाहेर काढून तपासताना फवाऱ्यासमोर हात न्यायचा नाही. तो फवारा चौरस सेंटिमीटरला दोनशे किलोच्या आसपास दाबाने सुटतो आणि कातडी भेदून आत जातो. जखम सुईच्या टोकाएवढी दिसते, दुखतही नाही, आणि काही तासांत हात सुजतो. असं झालं तर हळद लावून बसू नका. लगेच मोठ्या दवाखान्यात जा आणि डिझेल दाबाने आत गेलंय हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

ऑइल

रोज सुरू करण्याआधी, इंजिन सपाट आणि थंड असताना ऑइल मोजायची काठी काढा, पुसा, परत घाला, बघा. लेव्हल कमी झाली तर सगळ्यांना कळतं. वाढली तर लोक खूश होतात, आणि मला ती जास्त घाबरवते. ऑइल आपोआप वाढत नाही. एक तर पंपातून डिझेल खाली गळतंय, किंवा गॅस्केट फुटून पाणी उतरतंय. काठीवरचं ऑइल दोन बोटांत चोळा. पातळ लागलं आणि डिझेलचा वास आला तर पंप बघा. ताकासारखं पांढुरकं झालं असेल तर पाणी. दोन्ही वेळा इंजिन चालवायचं नाही.

बदलण्याचा हिशोब इंजिनाच्या पुस्तिकेत असतो. पुस्तिका हरवली असेल तर मी अडीचशे तास धरतो, धुळीत त्याच्याही आधी. १५०० फेऱ्यांच्या इंजिनात अडीचशे तास म्हणजे सव्वादोन कोटी फेऱ्या. नव्या किंवा रिबोअर केलेल्या (सिलिंडर पुन्हा कातलेल्या) इंजिनाचं पहिलं ऑइल पन्नास तासांच्या आत काढा, त्यात लोखंडाचा बारीक चुरा असतो. आणि बेकरीवाल्यासारखे तास भरलेच नाहीत, तरी वर्षातून एकदा बदलाच. ऑइल गरम असताना काढा, मळ बरोबर निघून येतो. बहुतेक छोट्या इंजिनांना २०डब्ल्यू-४० किंवा १५डब्ल्यू-४० चालतं, पण डब्यावर डिझेल इंजिनासाठी असल्याचं लिहिलेलं हवं. सियागंजच्या बाजारात स्वस्त सुटं ऑइल मिळत असेल तर दोन वेळा विचार करा. जुनं ऑइल डब्यात साठवा आणि रीसायकलिंगवाल्याला द्या. कान्ह नदीच्या नाल्यात ओतू नका. या शहराने स्वच्छतेसाठी एवढं केलंय, आपण वर्कशॉपवाल्यांनीही करावं.

पाणी, पट्टा, टॅपेट

बोअरचं पाणी जड असतं, त्याचा खार जॅकेटमध्ये, म्हणजे सिलिंडरभोवतीच्या पाण्याच्या जागेत, दगडासारखा बसतो आणि मग पाणी भरलेलं असूनही इंजिन तापतं. शहरात आपल्याला १९७८ पासून नर्मदेचं पाणी आहे, ते बरं. शेतावर छपराचं पावसाचं पाणी ड्रममध्ये साठवा. रेडिएटर असेल तर कूलंट घाला. इंजिन तापून बसलं तर वरून गार पाणी ओतू नका, हेडला तडा जातो. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका. थंड होईपर्यंत चहा प्या.

पट्टा मधोमध अंगठ्याने दाबून बोटभर दबायला हवा. टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्हच्या टोकाशी सोडलेली, फट पाचशे तासांनी तपासा, थंड इंजिनावर, फीलर गेजने, म्हणजे मापाच्या पातळ पत्रीने. माप पुस्तिकेतलं. अंदाजाने करू नका, एका पत्रीसाठी व्हॉल्व्ह जळतो.

धूर काळा असेल तर लोड जास्त, क्लीनर तुंबलेला किंवा नोझल खराब. निळा म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा, सकाळी दोन मिनिटं, चालतो. गरम झाल्यावरही पांढराच राहिला तर डिझेल नीट जळत नाहीये किंवा पाणी आत येतंय.

बंद करताना, आणि पावसाळ्यात

लोड काढा, पाच मिनिटं रिकामं चालू द्या, मग डिझेलच्या लिव्हरनेच बंद करा. डिकॉम्प्रेशन उचलून इंजिन थांबवणारे लोक मला रोज भेटतात. चालत्या इंजिनात व्हॉल्व्ह उचलून धरला की त्याचा आणि त्याला ढकलणाऱ्या दांडीचा, पुशरॉडचा, जीव जातो. तो लिव्हर सुरू करण्यासाठी आहे.

गव्हाचं शेवटचं पाणी झालं, थ्रेशरचं काम संपलं की इंजिन चार-पाच महिने बसतं. बसवण्याआधी ऑइल बदला. जळक्या ऑइलमध्ये आम्ल असतं, ते बेअरिंगवर चार महिने बसू नये. टाकी भरा, हौदाचं पाणी काढा, पट्टा सैल करा. महिन्यातून एकदा लिव्हर उचलून हाताने पंधरा-वीस फेऱ्या द्या. जनरेटर असेल तर महिन्यातून एकदा अर्धा तास चालवा, तेही निम्म्या लोडवर. नुसतं रिकामं चालवून आत काजळी धरते.

सगळ्यात घातक पावसाचं पाणी. उघड्या सायलेन्सरमधून ते सिलिंडरमध्ये उतरतं. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे लिव्हर पाडला की कनेक्टिंग रॉड वाकतो. सायलेन्सरच्या तोंडावर रिकामा डबा उलटा घालून तारेने बांधा, आणि पावसाळ्यानंतर पहिल्यांदा सुरू करताना लिव्हर उचलून हाताने दहा फेऱ्या देऊन बघा, कुठे अडतंय का. डबा काढायला विसरून हँडल मारणारेही असतात. म्हणून मी हँडल त्या डब्याच्याच तारेत गुंफून ठेवतो. तार सोडल्याशिवाय हँडल हातात येत नाही.